शेवंतीची आंघोळ

मार्गशीर्षातल्या एका रविवारी पहाटे फकिराकाकानं आमच्या घोडीला हौदाच्या पाण्यानं आंघोळ घातली, आणि स्वतः चुलीवरच्या कोमट पाण्यानं केली. मला त्याच्याविषयी जे काही वाटतं ते एवढ्यात आलं. पण एवढंच सांगून सोडलं तर तो सुटेल, म्हणून सगळं सांगते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या अलीकडे चार किलोमीटर. इथं थंडी पडते ती साधीसुधी पडत नाही. दर वर्षी हैदराबादचे टीव्हीवाले येतात, आमच्या शेकोट्यांचे फोटो काढतात, आदिलाबादच्या पाऱ्याचा आकडा सांगतात आणि गाडीच्या काचा वर करून निघून जातात. जसं काही आम्ही त्यांच्यासाठीच कुडकुडतो.

घरात माणसं चार आणि जनावरं तीन. शेवंती ही पांढरी घोडी, नऊ वर्षांची, नवरदेव बसवायची. धोंड्या आणि मिर्ची ही दोन तट्टं. जैनथच्या जत्रेत पोरं फिरवतात, बाकीच्या दिवसांत शेतातून कापसाची गाठोडी घरी आणतात. तिघांत शेवंती लाडकी, धोंड्या शहाणा आणि मिर्ची चावरी. माणसांत आई, बाबा, मी आणि बाबाचा धाकटा भाऊ फकिराकाका. त्यांतलं शहाणं कोण आणि चावरं कोण हे पुढं कळेल.

दिवाळीनंतर बाबाचा उजवा हात मोडला. ज्या माणसाला आयुष्यात एकाही घोड्यानं पाडलं नाही, त्याला मागून आणलेल्या मोटरसायकलनं पाडलं. बोटांपासून खांद्यापर्यंत प्लास्टर. तेव्हापासून शेवंतीचा लगाम काकाच्या हातात गेला. काकाला त्या आधी घोडीचं एकच काम माहीत होतं, तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेणं.

हिवाळ्यात आमचं काम पाचला सुरू होतं. आई चुलीवर दोन हंडे ठेवते. पाणी कढत नाही करायचं, हात घालून बसावंसं वाटेल इतकंच. घोडं गार पाणी पीत नाही. नुसतं ओठ लावतं, झटकतं, आणि तुम्हाला वाटतं प्यायलं. पाणी कमी गेलं की वाळला कडबा पोटात बसतो, आणि मग घोड्याचं पोट दुखतं. त्याला ना उलटी होते ना ढेकर येतो. एवढं मोठं जनावर, बाहेर टाकायला वाट एकच. म्हणून सकाळी उठल्यावर आम्ही देवाच्या आधी लीद पाहतो. किती पडली, ओली की सुकी, गोळे फुटतात की नाही. लीद मी हातानं भरते. मग पोत्याच्या तुकड्यानं पाठी पुसायच्या, खराऱ्यानं केस मोकळे करायचे, खूर उचलून आत अडकलेले खडे काढायचे, आणि मग माझी आंघोळ, माझी वेणी, माझी शाळा.

नववीपर्यंत मी शाळेत जाताना अर्धा डबा पावडर अंगाला फासायची. वर्गातली रश्मी तरी नाकाला रुमाल लावायची आणि मॅडमकडं पाहायची, म्हणजे मॅडमनीपण पाहावं. रश्मीच्या घरी एक मासा आहे, काचेच्या भांड्यात. त्यालाही ती भिते. यंदा दहावीत आल्यावर मी पावडर बंद केली. ज्याला वास येतो त्यानं आपलं नाक घेऊन दुसऱ्या बाकावर बसावं. रश्मी बसली. मला अख्खा बाक मिळाला.

तर गुरुवारी संध्याकाळी यशवंतराव आले. हे बेल्याचेच, पण तीस वर्षं आदिलाबादेत सरकारी नोकरी केलेले. मुलाचं लग्न मात्र गावातच करायचं, लोकांना दाखवायला. मुलगा भार्गव, हैदराबादेत कंपनीत. यशवंतरावांनी अंगणात पाय टाकला तो जपून, जसा काही आमच्या अंगणानं त्यांचा बूट मागितला असता. सोबत त्यांची बहीण चारुशीलाआत्या. त्यांनी शालीचा पदर नाकावर धरला. मला रश्मी आठवली. ही जात सगळ्या वयांत मिळते.

यशवंतराव शेवंतीभोवती एक फेरा मारून आले.

"पिवळी दिसून राह्यली हो."

"हिवाळ्याचे केस हायेत, सायेब," बाबा खाटेवरून म्हणाला. "थंडीत दाट येतात. त्याच्यात मातीबिती धरते. शनवारी साफ करतो."

"मले दुधासारखी पायजे. ड्रोन आणून राह्यलो आमी. वरून शूटिंग हाये. वरून पिवळी दिसंन ना."

"नवरीकडचे लोकं का म्हनतीन?" आत्या शालीतून म्हणाल्या. "म्हनतीन, हळद नवरदेवाले लावली का घोडीले!"

त्या आपल्याच बोलण्यावर हसल्या. शेवंतीनं त्यांच्याकडं पाठ केली. माझं पोट भरलं.

काका लगेच पुढं. "सायेब, तुमी काईच टेन्शन घेऊ नका. अशी चमकवतो, अशी चमकवतो, का ड्रोनचे डोळे दिपतीन."

"ड्रोनले डोळे नसतात," मी म्हणाले.

"तू अभ्यास कर वं."

ते गेल्यावर बाबानं काकाला बसवून सांगितलं. मी तिथंच होते, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. हिवाळ्यात घोडी धुवायची नाही. गोवरीची राख चाळून घ्यायची, उन्हात घोडी उभी करायची, राख केसांत मुरवायची आणि कोरड्या खराऱ्यानं झाडायची. दोन दिवस असं केलं की पिवळेपण जातं. पाणी लावायचं नाही. लावलंच तर खुरांना.

"समजलं का गा?"

"भाऊ, मी काय कालचा हाये का?"

शुक्रवारी काका कापसाच्या गाडीसोबत गेला. शनिवारी त्यानं लग्नासाठी कोट आणला. निळ्या रंगाचा, खांद्याला चमचम. तो घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या, मिर्चीला दाखवला. मिर्ची चावायला धावली. तिची पारख चांगली आहे. राख चाळणीत तशीच राहिली.

आणि आता माझं. शनिवारी संध्याकाळी काकानं मला हाक मारली. "रंजे, दुकानातून नीळ आण वं. मोठी बाटली."

मला वाटलं, त्याच्या पांढऱ्या पँटीला हवी असेल. नाही, हे खोटं आहे. मला कळलं होतं. त्यानं डोळा मारला, घोडीकडं पाहिलं, आणि मला कळलं. माझ्या शाळेचा शर्ट निळीनं पांढराशुभ्र होतो, मग शेवंती का नाही? लग्नाला अर्धी शाळा येणार होती. रश्मी येणार होती. मीच लगाम धरलेला नसला तरी मागं धोंड्याला घेऊन मी असणार होते. मला वाटलं, दिसू दे तिला. मी धावत गेले आणि धावत आणली.

रविवारी पहाटे मी उठून बाहेर आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. रात्रभर उघड्यावर पडलेल्या हौदातलं पाणी, त्यात अख्खी बाटली. शेवंती खुंट्याला उभी, अंगावरून थेंब गळतात आणि खाली चिखल निळा. तिचे चारही पाय एकाच जागी गोळा झालेले. कातडी लाटांसारखी थरथरत होती, मानेपासून सुरू व्हायची आणि शेपटीपर्यंत जायची. पांढरी झाली होती, खरंय. पुठ्ठ्यावर आणि पोटाखाली मात्र निळेच्या निळे डाग. नीळ आधी पाण्यात नीट हलवायची असते, तेवढंही त्यानं केलं नव्हतं.

आई चुलीपाशी रिकाम्या हंड्यात हात घालून बसली होती.

"घोडीचं पानी कोनं घेतलं?"

मोरीतून काकाचा आवाज आला. "वहिनी, मीच घेतलं वं. नवरदेवापाशी उभं राहाचं हाये, पारोसा जाऊ का?"

"न् घोडीनं का प्यावं?"

"हौद भरून हाये ना."

आई बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात. तिनं हंडा असा आपटला की बाबा आतून उठून दारात आला. त्यानं शेवंतीकडं पाहिलं.

"हे काय? कृष्ण अवतार झाला का घोडीचा?"

"उन्हात उडून जाते, भाऊ," काका टॉवेलनं केस पुसत म्हणाला.

"ऊन कुठं हाये?"

ऊन नव्हतंच. पैनगंगेवरून धुकं आलं होतं, अंगणातला निंब दिसत नव्हता. बाबानं डाव्या हातानं पोतं घेतलं आणि घोडी पुसायला लागला. मी दुसरं पोतं घेतलं. आई तिसरं. आम्ही तिघं पुसतोय आणि काका कोटाची बटणं लावतोय. नीळ कोणी आणली हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

"आज नेऊ नको," बाबा म्हणाला.

"सायेबाले का सांगू? घोडी आंघोळ करून बसली म्हनून?" काका हसला. "शब्द देल्ला हाये भाऊ आपन. चार किलोमीटर चालली का गरम होते आपोआप."

बाबाच्या दोन्ही हातांत बळ असतं तर त्यानं लगाम सोडला नसता. त्यानं प्लास्टरकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "रंजे, तिच्यावर ध्यान ठेव. लीद टाकते का पाहा. पानी पेते का पाहा."

"हो."

अर्ध्या ओल्या अंगावर मखमलीची झूल चढली, वर आरशांची पट्टी, कपाळावर तुरा. मी धोंड्यावर बसून मागं निघाले. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त काकाचे चमचमते खांदे आणि शेवंतीचं शेपूट. चार किलोमीटरमध्ये ते शेपूट एकदाही वर गेलं नाही.

बेल्यात पोचलो तर मांडवापुढं बँड, ड्रोन, जिलबीचा वास, आणि सगळे नातेवाईक थंडीत स्वेटर न घालता उभे, कारण स्वेटरनं साडी दिसत नाही. मी एका बाईकडून बादलीभर पाणी मागून आणलं. शेवंतीनं ओठ लावला आणि झटकला. बर्फ होतं. बायकांनी मात्र ओंजळीनं हरभरे चारले. शुभ असतं म्हणे. कुणाला शुभ, ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, "काकू, पुरे, कोरडे हायेत," तर एक काकू म्हणाली, "अवं, घोडीले का दात नाईत?" मूर्खपणाला उत्तर नसतं. मी ओंजळ बाजूला केली, तर ती वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आली.

भार्गव नवरदेव बाहेर आला. सहा फूट उंच, फेट्यासह सात. त्याला घोडीवर चढवायला चार माणसं लागली आणि चौघांनाही शेवंती हीच शिडी वाटली. एकानं तर आयाळ धरून लोंबकळत त्याला वर ढकललं. त्याच्या सहा वर्षांच्या भाचीला, करवलीला, मी धोंड्यावर बसवलं. ती एका उडीत बसली. तिनं धोंड्याच्या मानेवर हात फिरवून त्याचं नाव विचारलं. त्या सगळ्या वरातीत शहाणं माणूस तेवढंच.

आमच्याकडं रीत आहे. नवरदेव घोडीवर चढला की मारुतीच्या पायरीपर्यंत त्याचा पाय भुईला लागू द्यायचा नाही. लागला तर अपशकुन. मारुती गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत प्रत्येक चौकात पोट्टे नाचणार, बँडवाल्याला आणखी एक गाणं सांगणार. माणूस चालत गेला तर दहा मिनिटं, नवरदेव गेला तर दोन तास.

पहिल्या चौकात काकानं लगाम माझ्या हातात दिला. "धर वं जरा. व्हिडिओ घेतो." एका हातात धोंड्याची दोरी, दुसऱ्यात शेवंतीचा लगाम.

"पोट्टी काऊन धरून राह्यली घोडी?" चारुशीलाआत्या ओरडल्या. "गडीमानूस नाई का कोनी?"

"हाये ना," मी म्हणाले. "तो फोटो काढून राह्यला."

दुसऱ्या चौकात शेवंती थांबली. मान वळवून तिनं आपल्या पोटाकडं पाहिलं. मग पुढचा पाय उचलून भुईवर खरडला. एकदा, दोनदा. मग दुसरा पाय. वरचा ओठ दुमडून दात उघडे केले.

लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"नाचली! घोडी नाचून राह्यली!"

बँडवाल्यानं ठेका वाढवला. पोट्टे तिच्या पुढ्यात येऊन तसेच पाय खरडायला लागले. कोणी तिच्या डोक्यावरून नोट ओवाळली. काका फोन उंच धरून, "वा शेवंते, वा!" मला ते नक्कल करणारे पोट्टे अजून दिसतात. तिला कळ येत होती आणि ते तिच्या कळेची स्टेप बसवत होते.

मी झुलीखाली हात घातला. आत अजून ओलं. कातडी बर्फासारखी, आणि काखेत मात्र घाम. कान धरले, गार. पोटाला कान लावला तर बँडशिवाय काहीच ऐकू येईना. एरवी शेवंतीच्या पोटात सतत गुरगुर असते, हाताला कळते. हाताला काही लागलं नाही.

"काका! पोट दुखून राह्यलं तिचं!"

"हाव हाव, थोडं इकडं तोंड कर तिचं, उजेडात."

मग मी बँडसमोर गेले, आणि ढोलवाल्याच्या ढोलावर हात ठेवला. ढोल बंद पडला की बाकीचे आपोआप पडतात.

"उतरा," मी नवरदेवाला म्हणाले.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"तुमालेच म्हनते. घोडीवर आनखी कोन बसलं हाये?"

"अवं बाई, का बोलून राह्यली हे पोट्टी!" आत्या पुढं आल्या. "मारुती होयेपर्यंत पाय लागत नसते नवरदेवाचा भुईले!"

"मंग उचला त्याहिले."

यशवंतराव कोट सावरत आले. आवाज गोड केला, लहान मुलाशी आणि नोकराशी करतात तसा. "पाच मिनटाचं काम हाये बेटा. मारुती तो काय, समोर दिसून राह्यला."

"तुमाले मारुती दिसून राह्यला. तिले तिचं पोट दिसून राह्यलं."

"फकिरा, हे कोन हाये? सांग ना तिले."

काकानं फोन खाली केला. त्याच्या तोंडावर ते हसू अजून चिकटलेलं होतं. "सायेब, पोरगी हाये भावाची. रंजे, चाल ना वं, इज्जतीचा सवाल हाये."

"कोनाच्या?"

तेवढ्यात शेवंतीचे पुढचे गुडघे वाकले. घोडं पोटदुखीनं लोळायला बसतं, आणि लोळलं तर आतडं पिळतं, मग संपलं. मी लगाम वर ओढला, सगळं बळ लावून, आणि ओरडले. वर बसलेला हैदराबादचा साहेब "पप्पा!" करून किंचाळला आणि त्यानं आयाळीला मिठी मारली. ती अर्धी खाली गेली होती. मी तिच्या नाकावर माझं नाक ठेवून म्हटलं, "नाई शेवंते, नाई, नाई." ती उठली.

आता सगळ्यांना एकदम घाई झाली. नवरदेवाला उतरवा, पण पाय लावू नका. दोघांनी काखेत धरलं, दोघांनी मांड्या. फेटा पडला. तो मधल्या मध्ये लोंबकळतोय आणि आत्या ओरडतायत, "पाय! पाय! वर घे रे भार्गव!" ठेवायचा कुठं हा प्रश्न. वऱ्हाडातला एक जण म्हणाला, मोटरसायकल आणा. आत्या म्हणाल्या, लोखंड चालत नाही.

धोंड्या शांतपणे उभा होता. मी करवलीला उतरवून घेतलं. ती म्हणाली, "मी चालते." तिला पाय होते आणि ते भुईला लागले तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"बसवा याच्यावर," मी म्हणाले.

बसवलं. धोंड्या माझ्या छातीएवढा. सहा फुटी नवरदेवाचे दोन्ही बूट भुईवर टेकले, शिवाय गुडघे थोडे उरले. ज्या पायाला भुई लागू नये म्हणून चौघं घामाघूम झाली, तो पाय आता दोन्ही बाजूंनी घासत जाणार होता.

"दुमडा," मी सांगितलं. "पाय वर दुमडून धरा. बेडकावानी."

त्यानं दुमडले. ड्रोन वरून गरगरत होता. धोंड्याची दोरी मी सरळ यशवंतरावांच्या हातात दिली. "वढू नका. तो शहाना हाये, तुमाले नेते बरोबर." मग मी झूल सोडून रस्त्यावर टाकली, आरशांची पट्टी टाकली, तुरा टाकला, आणि शेवंतीला घेऊन गर्दीतून निघाले. समोर रश्मी उभी होती, जरीच्या घागऱ्यात. तिच्या हातात रुमाल होता पण तो नाकावर गेला नाही. मला तेव्हा तिच्याशी काही घेणं नव्हतं.

आठवडी बाजाराचं मैदान रिकामं होतं. तिथं मी शेवंतीला चालवायला सुरुवात केली. थांबू द्यायचं नाही, बसू द्यायचं नाही, खाऊ द्यायचं नाही. गोल, गोल. दर फेरीला ती पोटाकडं मान वळवायची आणि मी पुढं वळवायची. काका मागं आला होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं तो निळा कोट काढला आणि शेवंतीच्या कमरेवर टाकला, बाह्या पोटाखाली बांधल्या. चमचमते खांदे तिच्या पुठ्ठ्यावर आले. एवढं तरी.

"भावाले फोन केला," तो म्हणाला.

"पहिल्यांदाच कामाचा केला."

तो शेवंतीच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागला. बरोबर केलं.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर लग्नातच नाश्त्याला बसला होता. रविवार, सुट्टी, तरी पानावरून उठला, घरून पेटी घेऊन आला. त्यानं पोटाला नळी लावली, दोन्ही बाजूंनी ऐकलं, डोळ्यांची पापणी उलटवून पाहिली. एक इंजेक्शन दिलं.

"आतडं पिळलं नसंल तर संध्याकाळपर्यंत लीद येते. चालवा. कोमट पानी पाजा, मीठ टाकून."

"न् नाई आली तर?"

त्यानं सिरिंज पुसून पेटीत ठेवली. "चालवत राहा."

दुपारी आई-बाबा आले. बाबा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर, प्लास्टर पोटाशी धरून. आई गाठोडं घेऊन पायी. गाठोड्यात आमच्या गोधड्या. आईनं मैदानाच्या कडेला तीन दगड मांडले, पाणी तापवलं, बोट बुडवून पाहिलं, बादलीत मीठ आणि गुळाचा खडा टाकला. शेवंतीनं ओठ लावला. थांबली. मग तिच्या गळ्यातून घोट खाली जाताना दिसला. आई मोजत होती, ओठ हलत होते तिचे. सात घोट. आईनं पदरानं शेवंतीचं तोंड पुसलं आणि काकाकडं एकदाच पाहिलं. काका दुसरीकडं पाहायला लागला तर तिकडं बाबा.

"राखेचं का झालं?" बाबानं विचारलं.

काका बादली उचलायला वाकला.

"नीळ कोनं आनली?"

काकानं तोंड उघडलं. तो मला वाचवणार होता, मला दिसलं ते. आणि मला तेच नको होतं. ज्याच्यावर इतकी थुंकले त्याच्याच कोटाच्या आड लपायचं?

"मी," मी म्हणाले. "मले माहीत होतं कायसाठी पायजे ते. मी धावत गेली आनाले."

बाबानं माझ्या हातांकडं पाहिलं. शेवंतीच्या पोटाखाली निळे डाग होते, माझ्या दोन्ही तळव्यांना तोच रंग लागला होता. मला वाटलं, आता लगाम काढून घेतो.

"मंग चाल," तो म्हणाला. "थांबली काऊन?"

मी चालले. लग्नाच्या मांडवातून मंगलाष्टका ऐकू आल्या, मग जेवणाच्या पंगती, मग नुसती गाणी. बाबा डाव्या हातानं एका बाजूनं शेवंतीचं पोट चोळत चालायचा, काका दुसऱ्या बाजूनं. दोघांच्या मध्ये घोडी होती म्हणून ते बोलत नव्हते, की बोलत नव्हते म्हणून घोडी मध्ये ठेवली होती, माहीत नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी दुसरी पण काढून टाकली. भुई अशी गार, की थोड्या वेळानं पाय आहेत हेच कळेना. शेवंती दोनदा बसायला गेली. दोन्ही वेळा काकानं खांदा लावून उचलली, आणि दुसऱ्या वेळी तो तिच्या मानेत तोंड घालून काहीतरी पुटपुटत उभा राहिला. माफी मागत असेल. घोडीला माफी कळत नाही, कोमट पाणी कळतं.

चार वाजता तिनं पुन्हा पाणी प्यायलं. पाच वाजता ऊन पिवळं झालं. यशवंतरावांचा माणूस धोंड्याला आणून सोडून गेला. धोंड्याच्या दोन्ही कुशींना बुटाच्या पॉलिशचे काळे पट्टे उमटले होते. नवरदेवानं सगळी वाट पाय दुमडूनच धरले असावेत. मी धोंड्याला गुळाचा खडा दिला.

तेवढ्यात आई म्हणाली, "थांब."

शेवंतीनं मागचे पाय फाकवले. शेपूट हललं, मग थोडं वर गेलं, मग आणखी वर. आम्ही चौघं तिच्या मागं उभे, श्वास धरून, जसे लोक मुहूर्ताला अक्षता घेऊन उभे राहतात. आधी नुसता वारा सुटला. आई "ये माय, ये" म्हणाली. मग पडली. तीन सुके गोळे, काळे, मण्यांसारखे. मग दोन ओले. मी खाली बसून ओंजळीत घेतली. गरम होती. दिवसभरात पहिल्यांदा माझे हात गरम झाले. गोळा फोडला तर आत सकाळचे हरभरे, अख्खेच्या अख्खे.

"घ्या, त्या बायाहिचं शुभ," मी म्हणाले. बाबा हसला. हात मोडल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा काकाचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि फोन बाबाकडं केला. बाबानं डाव्या हातानं घेतला आणि आपलं नाव सांगितलं. यशवंतरावांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"हां, गोपाल का? संध्याकाळची वरात हाये ना गा. नवरी घेऊन निंघाचं. दुसरी घोडी भेटून नाई राह्यली कुठंच. आतापर्यंत बरी झाली असंल ना तुमची? कपडा टाकला का दिसत नाई काही. अर्ध्या घंट्याचं काम हाये."

बाबानं शेवंतीकडं पाहिलं, तिच्या कमरेवरच्या त्या कोटाकडं, मग माझ्या अनवाणी पायांकडं.

"सायेब, घोडी माह्याकडं नाई आता," तो म्हणाला. "जिच्याकडं लगाम हाये तिले इचारा." आणि त्यानं फोन माझ्या कानाला लावला, कारण माझ्या हातांत लीद होती.

"हॅलो? कोन?"

"रंजीता."

"हां बेटा, तूच सकाळची ना? आन ना घोडी लवकर. पाहुने थांबले हायेत."

"शेवंती येत नाई," मी म्हणाले. "धोंड्या मोकळा हाये."

पलीकडं बँडवाल्यानं नवं गाणं सुरू केलं.

"नवरीले चालत येऊ द्या," मी म्हणाले. "न् नवरदेवाले सांगा, पाय दुमडून ठेवा म्हना."

मागं शेवंतीनं पुन्हा शेपूट वर केलं.